हात उचलायची जागा : ‘ग’ गिरवणाऱ्या जीआयएफचं प्रकरण

मला पहिलीत ज्या बाईंनी ‘ग म भ न’ शिकवलं, त्याच बाईंचा गेल्या जूनमध्ये फोन आला. बाई आता परळकडच्या एका महापालिकेच्या मराठी शाळेत आहेत आणि त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी लिहिणारं कुणी नाही. आई भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारी, वडील रात्रपाळीला. बाई रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फळ्यावरच्या अक्षराचा फोटो टाकत. मुलं तो बघून घरी अक्षर काढत. दुसऱ्या दिवशी वहीतलं अक्षर दिसायला बरोबर असे, पण बाईंसमोर काढायला सांगितलं की कळे, काना खालून वर गेलाय, शिरोरेघ उजवीकडून डावीकडे आलीय.

“फोटोत अक्षर दिसतं रे, हात दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “तू ते हलणारं काहीतरी करतोस ना? तसं एक ‘ग’ करून दे. अक्षर आपोआप लिहिलं जातंय असं.”

मी लालबागला घरूनच डिझाइनची कामं करतो. दुकानांच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, मंडळांचे बॅनर, आणि त्यांच्या सोबतीला छोटी छोटी हलती चित्रं. हे काम मला एका दुपारचं वाटलं होतं. प्रत्यक्षात पहिला ‘ग’ वर्गात लागायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ज्या चुका झाल्या आणि त्या जशा सुटल्या, ते इथे मांडतोय. मराठी अक्षरांचं असं काम करणाऱ्याला यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

जीआयएफच का

जीआयएफ म्हणजे काही चित्रं एकामागून एक दाखवणारी, आवाज नसलेली छोटी फाइल. व्हिडिओ करता आला असता. पण बाईंच्या दोन अटी होत्या. वर्गातल्या जुन्या संगणकावर फाइल ब्राउझरमध्ये टाकली की काहीही न दाबता ती चालायला हवी. आणि पालकांच्या फोनमध्ये जागा कमी, डेटा मोजून वापरलेला, तेव्हा फाइल हलकी हवी. आवाजाची गरज नव्हती, आवाज बाईंचा. सपाट रंग, थोड्या रेघा, सहा-सात सेकंदांचा खेळ. जीआयएफ यासाठीच बनलेला आहे.

कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने हा प्रकार १५ जून १९८७ रोजी आणला. आपल्याकडे शाळा साधारण ज्या दिवशी उघडतात तीच तारीख, हा योगायोग मला मनापासून आवडतो. १९८९च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रावर किती वेळ थांबायचं याची नोंद करायची सोय आली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची सोय पुढे नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने जोडली. आजही फिरत राहणाऱ्या जीआयएफच्या पोटात ‘नेटस्केप २.०’ ही अक्षरं सापडतात. ब्राउझर गेला, त्याचं नाव फाइलीत राहिलं.

ग्रुपवर टाकलं की व्हॉट्सॲप जीआयएफचा छोटा व्हिडिओ करून पुढे पाठवतं, हे ठाऊक होतं. त्याने आमचं काही बिघडत नव्हतं. मूळ फाइल वर्गातल्या संगणकासाठी नीट हवी होती.

पहिला प्रयत्न

पहिल्यांदा मी हौसेने केलं. खऱ्या दुरेघी वहीच्या पानाचा फोटो काढला, कागदाचा पोतही दिसेल असा. कॅनव्हास १०८० बाय १०८० पिक्सेल. त्यावर निळ्या शाईचा ‘ग’. हे सगळं गिम्प या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गिम्प फुकट आहे, आणि बाईंच्या शाळेत पुढे कुणाला हे काम शिकायचं असेल तर त्याला पैसे पडायला नकोत, असं तेव्हाच ठरवलं होतं.

गिम्पमध्ये एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ही हलत्या चित्रातली एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र. सर्वांत खालचा लेयर आधी दिसतो, मग एकेक वरचा. रेघ वाढत जाताना दाखवायची तर काम उलट्या बाजूने करावं. आधी पूर्ण अक्षर काढायचं, त्या लेयरची प्रत घ्यायची, शेवटच्या रेघेचं टोक थोडं खोडायचं, पुन्हा प्रत, पुन्हा थोडं खोडायचं. रेघ पुढे पुढे काढत गेलं तर तिची जाडी दर फ्रेमला डगमगते. खोडत मागे आलं तर रेघ सगळीकडे एकच राहते. फक्त प्रत मूळ लेयरच्या वर येते, त्यामुळे शेवटी पूर्ण अक्षर तळाला आणि कोरी जागा माथ्यावर असते. तसंच ठेवलं तर अक्षर पुसलं जाताना दिसेल. लेयर मेनूत स्टॅकखाली ‘रिव्हर्स लेयर ऑर्डर’ आहे, ते एकदा दाबलं की रांग उलटते.

मी ४२ लेयर केले, खाली वहीचं पान ठेवलं, ‘ॲज ॲनिमेशन’वर खूण करून एक्स्पोर्ट केलं. उघडून बघितलं तर पहिल्या क्षणी पान दिसलं आणि लगेच गेलं. अक्षर रिकाम्या जागेत तरंगत होतं.

कारण असं. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेम गेल्यावर तिचं काय करायचं हे सांगावं लागतं. मागची तशीच ठेवून तिच्यावर पुढची ठेवायची, की मागची पुसून पुढची मांडायची. गिम्पमध्ये पहिल्याला ‘कम्बाइन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रिप्लेस’. एक्स्पोर्टच्या चौकटीत मी ‘रिप्लेस’ निवडलं होतं. पान फक्त सर्वांत खालच्या लेयरवर होतं, ते पुसलं गेलं ते गेलंच. ‘कम्बाइन’ केल्यावर पान राहिलं.

पण मला रेघेच्या टोकाशी एक लाल ठिपकाही हवा होता, पेन्सिलीचं टोक आत्ता कुठे आहे ते दाखवणारा. ‘कम्बाइन’मध्ये काहीच पुसलं जात नाही. ठिपका पुढे सरकला आणि मागे लाल ठिपक्यांची माळ राहिली, गोवर उठल्यासारखी.

म्हणजे एकात पान जातं, दुसऱ्यात ठिपका राहतो. वाट एकच उरते. प्रत्येक लेयरमध्ये पान, फिकट अक्षर, शाई आणि ठिपका हे सगळं पूर्ण असायला हवं, प्रत्येक फ्रेम स्वतःच्या पायावर उभी. पानाची प्रत प्रत्येक लेयरखाली घेऊन ४२ वेळा मर्ज केलं. आता चित्र बरोबर चालू लागलं. फाइल २६ एमबीची झाली.

ती घेऊन मी बाईंच्या घरी गेलो, आकाराचं नंतर बघू म्हणून. बाईंनी चष्मा लावला, एकदा बघितलं आणि फोन खाली ठेवला.

“रेघ आधी कोणी शिकवली तुला? मी तर नाही.”

मी शिरोरेघ आधी काढली होती. बॅनरवर अक्षरं मांडताना आम्ही वरच्या रेषेपासून मोजतो, ती सवय.

“रेघ आधी ओढली की पोर अक्षर तिला लटकवतं. मग जागा पुरत नाही आणि कोंबतं. आधी अक्षर, मग काना, मग डोक्यावर रेघ. आणि रेघ अक्षराएवढी, अक्षर रेघेएवढं नाही.” त्यांनी टेबलावरच्या पिठावर बोटाने काढून दाखवलं. पोळ्या चालल्या होत्या. “वरून खाली या, गाठ मारा. हात उचला. वरून खाली काना. हात उचला. डोक्यावर रेघ.”

‘हात उचला’ त्यांनी दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा बोट खरोखर पिठावरून वर गेलं. तेव्हा मी क्रम लिहून घेतला. त्या दोन शब्दांकडे माझं लक्ष गेलं नाही.

२६ एमबीचं मूळ

दुसऱ्या खेपेला क्रम सुधारला आणि आकाराच्या मागे लागलो. कॅनव्हास ४८० बाय ४८० केला, त्याने फरक पडला, पण मला वाटला तेवढा नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट दिसत होती. अक्षर वाढत असताना पानावर, विशेषतः शाईच्या खालच्या बाजूला, मुंग्या चालल्यासारखी बारीक थरथर होती. पानाला तर मी हातही लावला नव्हता.

हे दोन्ही आजार एकच निघाले.

जीआयएफच्या एका रंगपट्टीत जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. फोटोत हजारो छटा असतात. मग सॉफ्टवेअर उरलेल्या छटांचा भास निर्माण करण्यासाठी जवळच्या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी पेरतं. याला डिदरिंग म्हणतात. गिम्पमध्ये रंग कमी करताना मी फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धत निवडली होती. ही पद्धत डावीकडून उजवीकडे, वरून खाली जाते. एका पिक्सेलला हवा तो रंग मिळाला नाही की राहिलेली चूक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलांमध्ये वाटून देते. एका स्थिर चित्रात हे फार सुंदर दिसतं. पण माझ्या प्रत्येक फ्रेममध्ये शाई थोडी वाढलेली होती. शाईचे पिक्सेल बदलले की त्यांनी पुढे ढकललेली चूकही बदलते, आणि तिच्या खालच्या कागदावरचे ठिपके नव्याने पेरले जातात. कागद तोच, पेरणी दर वेळी वेगळी. डोळ्याला ती थरथर दिसते.

आणि फाइल फुगते ती त्याच कारणाने. जीआयएफ दाबला जातो तो एलझेडडब्ल्यू पद्धतीने. ती पुन्हा पुन्हा येणारे नमुने ओळखून त्यांना छोटे क्रमांक देते. सपाट रंगाची लांब पट्टी तिला अगदी स्वस्त पडते. पेरलेल्या ठिपक्यांत तिला सारखं काही सापडत नाही. शिवाय दोन फ्रेममधला फक्त बदललेला भाग ठेवून बाकीचा टाकायचा म्हटलं, तर इथे पानाचा मोठा हिस्सा ‘बदललेला’ निघतो.

डिदरिंगच्या यादीत ‘पोझिशन्ड’ असा आणखी एक पर्याय आहे. त्यात ठिपके जागेनुसार ठरतात, शेजाऱ्याच्या चुकीनुसार नाही, म्हणून न बदललेला भाग फ्रेममागून फ्रेम तसाच राहतो. हलत्या चित्रात फोटो वापरायचाच असेल तर तो घ्यावा. मी मात्र फोटोच काढून टाकला. पहिलीतल्या मुलाला कागदाचा पोत दाखवून काय मिळणार होतं? सपाट फिकट पिवळी पार्श्वभूमी, दुरेघीच्या दोन निळसर रेघा, राखाडी फिकट ‘ग’, गडद निळी शाई, लाल ठिपका. रेघांच्या कडा मऊ दिसण्यासाठी लागणाऱ्या मधल्या छटा धरून १६ रंग पुरले. डिदरिंग बंद.

मग ‘फिल्टर्स’मधल्या ‘ॲनिमेशन’खाली ‘ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ’. हा आदेश पूर्ण फ्रेमांची एक नवी प्रत बनवतो, तिच्यात प्रत्येक लेयर बदललेल्या चौकोनापुरता कापतो आणि ‘कम्बाइन’ लावतो. ठिपका जिथून हलला तिथे पानाचा तुकडा पुन्हा ठेवतो, म्हणून माळ राहत नाही. आधी हाताने जे जमत नव्हतं ते इथे आपोआप होतं. अट एवढीच की त्याच्या हातात पूर्ण फ्रेम द्यायला हव्यात.

फाइल ४१ केबीची झाली.

वेळ

आता खरा मुद्दा. गिम्पमध्ये फ्रेम किती वेळ दिसावी हे लेयरच्या नावातच कंसात लिहायचं असतं, आकडा आणि त्याला चिकटून मिलिसेकंदाचं इंग्रजी संक्षिप्त रूप. मी आकडे बदलत होतो आणि चित्राच्या वेगात काहीच फरक पडत नव्हता. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी लक्षात आलं की कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि मी आकडे देवनागरीत लिहीत होतो. गिम्प लेयरच्या नावातले देवनागरी आकडे वाचत नाही. त्याला वेळ सापडली नाही की एक्स्पोर्टच्या चौकटीतली ठरावीक वेळ, म्हणजे १०० मिलिसेकंद, तो सगळ्यांना लावतो. मराठीत काम करणाऱ्या कुणाचंही हे होऊ शकतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. आकडे इंग्रजीतच लिहा.

ते सुटल्यावर मी दुसरी घाई केली. रेघ लोण्यासारखी सरकावी म्हणून फ्रेमला १० मिलिसेकंद दिले. गिम्पच्या ‘प्लेबॅक’मध्ये सुरेख दिसलं. ब्राउझरमध्ये गोगलगाय. जीआयएफ वेळ मोजतो ती सेकंदाच्या शंभराव्या भागात, आणि शून्य किंवा एक भाग लिहिला असेल तर ब्राउझर तो आकडा मानत नाहीत. ते त्याऐवजी दहा भाग, म्हणजे १०० मिलिसेकंद धरतात. जास्त वेगाचा हव्यास धरला आणि दहापट संथ झालं. दोन भाग, म्हणजे २० मिलिसेकंद, ही खरी खालची हद्द. मी ८० वर स्थिरावलो.

सगळ्या फ्रेमांना ८०. रेघ छान वाहत होती. मी समाधानाने बाईंना पाठवलं. त्यांचा निरोप आला : “चांगलं झालंय. पण हात उचललेला दिसत नाही.”

मी पुन्हा पुन्हा बघितलं आणि त्यांचं म्हणणं पटलं. गाठ संपली, ठिपका उडी मारून वर गेला, काना सुरू झाला, सगळं ८० मिलिसेकंदांत. अक्षर एका तारेचं वाकवलेलं वाटत होतं. तीन रेघा आहेत, दोनदा हात उठतो, हे कळायला जागाच नव्हती. पिठावरून वर गेलेलं बोट मला तेव्हा आठवलं.

बाईंना म्हटलं, तुम्ही वर्गात जसं म्हणता तसं म्हणून पाठवा. त्यांनी आवाज पाठवला, मागे मुलांचा गलका. मी तो घेऊन बसलो आणि घड्याळ लावून मोजलं. ‘हात उचला’ला साधारण पाऊण सेकंद. आरंभी ‘बघा हं’ म्हणून एक सेकंद. शेवटी ‘झाला ग’ म्हणून त्या लांब थांबतात, मुलं आपापल्या वहीकडे बघतात म्हणून.

त्यावरून ही मांडणी ठरली. कोरं फिकट अक्षर, १००० मिलिसेकंद. गाठीची रेघ, १० फ्रेम ८०च्या. हात उचलण्याची एक फ्रेम ७००ची, तिच्यात लाल ठिपका पोकळ होतो आणि पुढची रेघ जिथून सुरू होणार तिथे जाऊन उभा राहतो. काना, ६ फ्रेम. पुन्हा उचल, ७००. शिरोरेघ, ७ फ्रेम. पूर्ण अक्षर, ठिपका नाही, २५०० मिलिसेकंद. एकूण २७ फ्रेम, पावणेसात सेकंद. त्यातले जवळपास पाच सेकंद चित्र हलतच नाही.

आणि थांबण्याला फाइलीत काहीच किंमत पडत नाही. फ्रेम ८० मिलिसेकंद दिसली काय किंवा अडीच सेकंद, फाइलीत तो एक छोटा आकडा असतो, दोन बाइटचा. व्हिडिओच्या सवयीने आपण वेळ भरायला फ्रेम वाढवत जातो. जीआयएफमध्ये एकच फ्रेम हवी तेवढी धरून ठेवता येते. मी इतकी वर्षं दुकानांच्या सेलच्या जाहिरातींत सगळं हलवत राहिलो, तेव्हा हे कधी वापरलंच नव्हतं.

‘ल’ आणि ‘श’

‘ग म भ न’ झालं. पुढची अक्षरं भराभर होऊ लागली, साचा तयार होता. अडलं ते ‘ल’पाशी.

शाईचं अक्षर मी बाईंच्या हाताने लिहिलेल्या नमुन्यावरून काढत होतो, पण मागचं राखाडी अक्षर वेळ वाचवायला फॉन्टमधून घेत होतो, विंडोजच्या मंगलमधून. मंगल आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि पडद्यावर वाचायला मला तो अजून आवडतो. पण त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदीत चालतात त्या रूपांत येतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले, आणि बाई तेच शिकवतात. परिणाम असा की राखाडी ‘ल’ एका आकाराचा आणि त्यावरून जाणारी शाई दुसऱ्याच वाटेने. गिरवायच्या चित्रात यापेक्षा वाईट चूक नाही. मोठ्या माणसाला दोन्ही ‘ल’च दिसतात. सहा वर्षांच्या मुलाला दोन वेगळी चित्रं दिसतात, आणि त्याचं बरोबर असतं.

काही फॉन्टांमध्ये दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी रूप पुढे येतं. गिम्पच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषा निवडायची जागा आहे. पण मी तो खटाटोप सोडला. सगळी राखाडी अक्षरं बाईंच्या नमुन्यावरूनच पुन्हा काढली. शाईच्या पूर्ण अक्षराचाच लेयर घ्यायचा, रंग राखाडी करायचा, तळाला ठेवायचा. दोन्ही एकच अक्षर झाल्यावर ती कधी सरकणारच नाहीत. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

याच सुमाराला शाळेने आणखी एक छोटं काम सांगितलं. ‘पहिलीचे प्रवेश सुरू’ ही ओळ टाइप होत जाताना दिसावी. मी मजकुरातलं एकेक चिन्ह वाढवत फ्रेम केल्या, तर ‘पह’ आलं आणि पुढच्या फ्रेमला ‘ह’ उडी मारून उजवीकडे सरकला, कारण पहिली वेलांटी संगणकात अक्षरानंतर साठवलेली असते आणि दिसते आधी. ‘प्रवेश’मध्ये तर ‘प’, मग पाय मोडका ‘प्’, मग ‘प्र’. वाचणाऱ्याला वाटेल टाइप करणारा चुकतोय आणि सुधारतोय. मराठीत पायरी चिन्हाची ठेवू नये, अक्षराची ठेवावी. प, हि, ली, चे, प्र, वे, श, सु, रू. नऊ पायऱ्यांत काम झालं.

वर्गात

पारदर्शक पार्श्वभूमीचाही एक प्रयोग झाला, कुठल्याही रंगावर ठेवता यावं म्हणून. तो लगेच सोडला. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, अर्धं काही नाही. मऊ कडा दातेरी झाल्या. आणि काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळं अक्षर दिसेचना. पिवळं पान परत आणलं.

वर्गातल्या पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रोजेक्टरवर ‘ग’ फिरत होता आणि मुलं त्याच्याकडेच बघत होती, वहीत कुणी लिहीत नव्हतं. शाळेच्या छोट्या वर्गात भिंतभर काहीतरी सारखं हलत असेल तर मान वहीकडे वळणार कशी? आणि जीआयएफला थांबवायचं बटण नसतं. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलत राहणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे असं म्हटलंय, ते त्या खोलीत बसून कळलं. घरी येऊन प्रत्येक अक्षराची दुसरी फाइल काढली, ‘लूप फॉरएव्हर’ची, म्हणजे कायम फिरत राहण्याची, खूण काढून. ही एकदाच चालते आणि पूर्ण अक्षरावर उभी राहते. पुन्हा दाखवायचं तर बाई पान रिफ्रेश करतात. पालकांना फिरणारी, वर्गाला थांबणारी.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर एका आईने सात-आठ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, तो बाईंनी मला पुढे पाठवला. खोलीत दिवा मंद, फोन जमिनीवर, मुलाचं बोट काचेवर. बोट ठिपक्यामागून खाली आलं, गाठीपाशी वळलं आणि थांबलं. मग त्याने बोट उचललं. हवेत धरून ठेवलं. ठिपका वर उभा होता, बोट त्याच्यावर जाऊन वाट बघत राहिलं, आणि काना सुरू झाल्यावर काचेला लागलं. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला सांगता येणार नाही. ते ७०० मिलिसेकंद मी एका लेयरच्या नावात टाइप केले होते.

मूळ फाइल

एक चूक शेवटची, आणि ती निव्वळ माझ्या आळसाची. लॅपटॉपची जागा भरली म्हणून मी ‘भ’ची मूळ गिम्प फाइल उडवली, जीआयएफ आहेच की म्हणून. सप्टेंबरात बाईंना ‘भ’ची वरची गाठ थोडी मोठी हवी झाली. जीआयएफ गिम्पमध्ये उघडला तर लेयर म्हणजे नुसते कापलेले तुकडे, कुठे शाईचं टोक, कुठे ठिपक्याखालचा कागद. त्यांच्यावर काही काढताच येईना. ‘ॲनिमेशन’खालचं ‘अनऑप्टिमाइझ’ चालवल्यावर पूर्ण फ्रेम परत उभ्या राहिल्या. तरी नवी रेघ भलत्याच रंगाची उमटत होती, कारण फाइल अजून ठरलेल्या १६ रंगांपुरत्या ‘इंडेक्स्ड’ पद्धतीत होती आणि माझा रंग जवळच्या रंगावर जाऊन बसत होता. मोड आरजीबी, म्हणजे सगळे रंग चालणारा, करून घेतल्यावर काम सुरू झालं. पण पानाच्या रंगात मिसळलेल्या कडा पुन्हा सुट्या होत नाहीत, म्हणून शेवटी ‘भ’ पहिल्यापासून केला.

आता बाईंकडे एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात दोन फोल्डर. ‘मूळ’मध्ये प्रत्येक अक्षराची गिम्प फाइल, आरजीबीमध्ये, सगळ्या फ्रेम पूर्ण, न दाबलेल्या. ‘पाठवायचं’मध्ये दोन दोन जीआयएफ. बाई निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंना तो मिळेल. ‘झ’ अजून राहिलाय. बाई तो दोन प्रकारे काढून दाखवतात, आणि हात नक्की कुठे उचलायचा यावर त्यांचं स्वतःचंच अजून ठरलेलं नाही.